मासा वाढतो तसा त्याचा श्वास बदलतो

पावसाळ्यात विदर्भातल्या एखाद्या जुन्या तलावाच्या काठाशी, गवत आणि कमळाची पाने जिथे दाटलेली असतात तिथे, कधी कधी पाण्याच्या पृष्ठभागालगत तांबूस-नारिंगी पिलांचा एक दाट पुंजका सरकताना दिसतो. ती मरळ माशाची पिले असतात. त्यांच्या खाली, थोड्या खोल पाण्यात, त्यांचे आईबाप राखण करत फिरत असतात. मधूनच मोठा मासा वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. त्याला वर येऊ दिले नाही, तर हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले त्याचे पिलू मात्र पहिले काही दिवस हवेचा एकही घोट न घेता, केवळ पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगते. जात एक आणि तलावही एक असताना श्वासाची रीत इतकी वेगळी कशी, हा या लेखाचा विषय आहे.

पाठ्यपुस्तकात आपण ‘हवाश्वासी मासे’ असा एक गट शिकतो आणि त्यात मरळ, मागूर, शिंगी, कोई अशी नावे पाठ करतो. या गटात असणे हा जणू माशाचा जन्मभराचा कायमचा गुण आहे, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात एखादा मासा हवेवर किती आणि पाण्यावर किती जगतो हे एक प्रमाण आहे. ते माशाच्या जातीवर ठरते, पाण्याच्या तापमानावर ठरते, पाण्यात किती ऑक्सिजन उरला आहे यावर ठरते आणि तितकेच त्या माशाच्या वजनावरही ठरते. वजनाचा हा भाग बहुधा दुर्लक्षिला जातो आणि माझ्या मते साऱ्या विषयातली सर्वांत उद्‌बोधक गोष्ट तीच आहे.

आधी हवेचे आकर्षण कशासाठी, ते पाहू. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात, ते ऑक्सिजनने पूर्ण भरलेले असले तरी, जेमतेम ६ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. एक लिटर हवेत तो सुमारे २१० मिलिलिटर असतो. शिवाय पाणी हवेपेक्षा जवळजवळ ८०० पट जड आहे, त्यामुळे ते कल्ल्यांवरून सतत खेळते ठेवायला माशाला बरीच शक्ती खर्च करावी लागते. पाणी तापले की त्यातला ऑक्सिजन आणखी घटतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते. उथळ, कुजणाऱ्या पाल्याने भरलेल्या डबक्यात पहाटेच्या वेळी ऑक्सिजन जवळपास संपलेलाच असतो, कारण रात्रभर वनस्पती आणि जीवाणूही तोच वापरत असतात. अशा ठिकाणी हातभर वर भरपूर ऑक्सिजन उपलब्ध असेल, तर त्याचा उपयोग करू शकणारा मासा टिकतो. त्यासाठी वेगवेगळ्या माशांनी वेगवेगळी इंद्रिये घडवली आहेत. कोईच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखी दुमडलेली हाडांची रचना आहे, मागुराच्या डोक्यात झुडपासारखे फाटे आहेत, शिंगीला कल्ल्यांच्या पोकळीतून मागे शेपटीच्या दिशेने पाठीच्या स्नायूंत शिरलेल्या दोन लांब पिशव्या आहेत, तर मरळीत कल्ल्यांवरच्या पोकळीचे अस्तरच श्वसनाचे काम करते. यांपैकी मागूर हा बिहारचा आणि मरळ हा तेलंगणाचा राज्यमासा आहे.

आता वजनाकडे वळू. दोन सेंटिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान एक सेंटिमीटर बाजूच्या घनाच्या आठ पट असते, पण त्याचा पृष्ठभाग चारच पट असतो. वस्तू मोठी होते तसा तिच्या प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग कमी होतो. ऑक्सिजन शरीरात शिरतो तो कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागातूनच, म्हणून श्वसनाच्या साऱ्या हिशेबाची सुरुवात या साध्या भूमितीपासून होते. मात्र वाढत्या वजनाबरोबर ऑक्सिजनची गरजही वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. मूळचे स्वित्झर्लंडचे आणि पुढे कॅलिफोर्नियात काम करणारे मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांच्या ऊर्जावापराची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा तो वापर वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढतो असे त्यांना दिसले. माशांमध्ये हा घातांक सहसा थोडा अधिक, ०.८ च्या आसपास, आढळतो.

घातांक हा शब्द ऐकून दचकण्याचे कारण नाही. घातांक १ असेल, तर वजन शंभर पट झाल्यावर ती गोष्टही शंभर पट होते. घातांक ०.८ असेल, तर वजन शंभर पट झाल्यावर ती गोष्ट सुमारे चाळीस पटच होते. म्हणजे एक ग्रॅमच्या शंभर पिलांना मिळून जितका ऑक्सिजन लागतो, त्याच्या चाळीस टक्केच ऑक्सिजन शंभर ग्रॅमच्या एका माशाला लागतो. दर ग्रॅमला पाहिले, तर पिलू हे अधिक खादाड असते आणि मोठा मासा संथ असतो. पुढचे सगळे या एका आकड्याशी ताडून पाहायचे आहे: गरज चाळीस पट वाढली, तर ती भागवणारा पृष्ठभाग किती पट वाढला?

सतत पोहणाऱ्या, केवळ कल्ल्यांवर जगणाऱ्या माशांत कल्ल्यांच्या क्षेत्रफळाचा घातांक साधारण ०.८ ते ०.९ असतो, म्हणजे गरजेच्या बरोबरीने किंवा किंचित जास्तच कल्ले वाढतात. कोई माशाची गोष्ट निराळी आहे. भागलपूर विद्यापीठातले ज्योतिस्वरूप दत्त मुन्शी आणि त्यांचे सहकारी, तसेच ब्रिस्टल विद्यापीठातले जॉर्ज ह्यूज, यांनी १९७० च्या सुमारास आणि त्यानंतर या माशाचा बारकाईने अभ्यास केला. भागलपूर हे त्यासाठी अगदी योग्य ठिकाण होते, कारण गंगेच्या पूरक्षेत्रातल्या ज्या उथळ पाणथळ जागांना बिहारमध्ये चौर म्हणतात, त्या हवाश्वासी माशांचे माहेरघरच आहेत. निरनिराळ्या वजनांच्या माशांच्या कल्ल्यांतले तंतू आणि त्यांवरचे सूक्ष्म पापुद्रे मोजून त्यांचे एकूण क्षेत्रफळ काढले, तेव्हा कोईच्या कल्ल्यांचा घातांक ०.६ च्या जवळपास निघाला. वजन शंभर पट झाले की असे कल्ले सुमारे सोळा पटच होतात. गरज चाळीस पट आणि कल्ले सोळा पट, ही तफावत मोठी आहे. डोक्यातल्या चक्रव्यूहाचे क्षेत्रफळ मात्र पाऊणच्या आसपासच्या घातांकाने वाढते, म्हणजे तेवढ्याच वाढीत ते तीसहून अधिक पट होते. कोई वाढत जातो तसे त्याचे कल्ले मागे पडतात आणि हवेचे इंद्रिय गरजेच्या जवळजवळ बरोबरीने चालत राहते.

असे श्वसन मोजण्याची रीत समजायला सोपी आहे. एका बंद भांड्यात खाली पाणी आणि वर हवा ठेवायची, मासा आत सोडायचा, आणि ठरावीक वेळाने पाण्यातला व हवेतला ऑक्सिजन वेगवेगळा मोजायचा. पाण्यातून किती गेला आणि हवेतून किती गेला हे त्यावरून कळते. कार्बन डायऑक्साइड कुठे साचला हेही पाहता येते. अशा मोजणीत कोई आपल्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन हवेतून घेतो असे दिसले, तेही पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असताना. वरची हवा काढून भांडे पाण्याने काठोकाठ भरले, की मासा किती मोठा आहे यावर त्याची अडचण ठरते. लहानाला कल्ले बऱ्यापैकी पुरतात, मोठ्याला ते पुरत नाहीत.

क्षेत्रफळाच्या जोडीला जाडीही पाहावी लागते, आणि इथे कोईच्या शरीराने केलेली विभागणी विलक्षण आहे. त्याच्या कल्ल्यांत पाणी आणि रक्त यांच्यामध्ये सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, पडदा असतो. चक्रव्यूहात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम ०.२ मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ पन्नास पट पातळ. ऑक्सिजन पडद्यातून पलीकडे जातो तो विसरणाने, म्हणजे जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे आपोआप सरकत, आणि पडदा जितका पातळ तितके विसरण जलद. म्हणून क्षेत्रफळाने कल्ल्यांपेक्षा लहान असूनही हे इंद्रिय कल्ल्यांपेक्षा कितीतरी कार्यक्षम ठरते. टूना माशासारख्या वेगवान पोहणाऱ्याच्या कल्ल्यांतला पडदा एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो, हे लक्षात घेतले की कोईचे कल्ले इतके जाड का, असा प्रश्न साहजिकच पडतो.

उत्तर रक्ताच्या वाटेत आहे. बहुतेक माशांमध्ये हवेच्या इंद्रियातून ऑक्सिजन घेऊन आलेले रक्त हृदयाकडे परतते आणि तिथून पुन्हा कल्ल्यांतूनच शरीराकडे जाते. बाहेरच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असेल, तर कल्ल्यांतून जाताना रक्तातला ऑक्सिजन उलट पाण्यात झिरपून जाऊ शकतो. कष्टाने वर जाऊन मिळवलेला श्वास खाली कल्ल्यांतूनच गळून जावा, असा हा धोका आहे. पातळ पडद्याचे आणि विस्तीर्ण कल्ले अशा पाण्यात नुकसानच करतील. म्हणून हवेवर अधिक विसंबणाऱ्या माशांत कल्ले आखूड, विरळ आणि जाड असणे फायद्याचे ठरते.

या ठिकाणी कार्यकारणाबाबत थोडी सावधगिरी हवी. पृष्ठभाग वजनाच्या मागे पडतो, म्हणून मोठ्या माशाला कल्ले पुरेनात आणि तो हवेकडे वळला, असे स्पष्टीकरण ऐकायला सरळ वाटते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञांनी तर कल्ल्यांच्या याच मर्यादेवर सर्वसाधारण माशांच्या वाढीचाही सिद्धान्त उभा केला आहे. त्यावरचा मोठा आक्षेप असा, की कल्ले हे काही गुळगुळीत घनाचे बाह्यांग नव्हेत. तंतू लांबवून आणि पापुद्रे वाढवून त्यांचे क्षेत्रफळ हवे तेवढे करता येते, आणि टूनासारखे मासे ते करूनही दाखवतात. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. कोईमध्ये ०.६ हा घातांक भूमितीने लादलेला नाही. हवेचा मार्ग खुला झाल्यावर कल्ले वाढवत नेण्याची गरज उरली नाही, उलट ते वाढले तर गळती होण्याची भीती होती, आणि म्हणून ते मागे राहिले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. लहान कल्ले हे हवेकडे वळण्याचे कारण आहेत तसेच ते त्या वळण्याचे फळही आहेत.

आता अगदी लहान टोकाकडे जाऊ. काही मिलिमीटरच्या पिलाला ना धड कल्ले असतात, ना हवेचे इंद्रिय. त्याची सोय त्याच्या लहानपणातच असते. इतक्या लहान देहाला वजनाच्या मानाने भरपूर त्वचा असते, आणि आतल्या पेशीही त्वचेपासून फार दूर नसतात, त्यामुळे साऱ्या अंगातून ऑक्सिजन शिरू शकतो. हार्वर्ड विद्यापीठातले कारेल लीम यांनी १९८१ साली आशियातल्या दलदलीत राहणाऱ्या, वामेसारख्या दिसणाऱ्या मोनोप्टेरस या माशाच्या पिलांविषयी एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. ही पिले आपल्या मोठ्या छातीच्या परांनी पृष्ठभागाजवळचे ऑक्सिजनयुक्त पाणी अंगावरून शेपटीकडे ढकलत राहतात, आणि त्यांच्या त्वचेतल्या बारीक वाहिन्यांत रक्त उलट दिशेने, शेपटीकडून डोक्याकडे वाहते. पाणी आणि रक्त एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वाहिले की देवाणघेवाण सर्वांत चांगली होते. कल्ल्यांतही हेच तत्त्व असते. म्हणजे हे अख्खे पिलूच जणू एक कल्ला बनलेले असते. पुढे मासा वाढून हवा घेऊ लागला की ते पर गळून जातात. ही युक्ती मोठ्या देहात चाललीच नसती, कारण तिथे त्वचा जाड होते आणि वजनाच्या मानाने तुटपुंजी पडते.

या दोन टोकांमधला प्रवास आफ्रिकेतल्या फुप्फुसमाशात स्पष्ट मोजला गेला आहे. शेल योहानसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली पूर्व आफ्रिकेतल्या प्रोटोप्टेरस अँफिबियस या जातीच्या लहानमोठ्या माशांचे श्वसन तपासले. लहान पिलांचा भर प्रामुख्याने पाण्यावर होता आणि वजन वाढत गेले तसा हवेचा वाटा वाढत गेला. अ‍ॅमेझॉनमधल्या आरापाइमा या माशात तर हा बदल डोळ्यांना दिसतो. गोड्या पाण्यातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी हा एक असून तो दोन मीटरहून अधिक लांब होतो. त्याचे पिलू आरंभी पाण्यातूनच श्वास घेते आणि पहिल्या एकदोन आठवड्यांतच हवा गिळू लागते, जी त्याच्या वाताशयात, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीत, जाते. दहा ग्रॅमच्या आरापाइमाचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते इतर माशांसारखेच, पापुद्रे सुटे असलेले दिसतात. एक किलोच्या माशात मात्र पापुद्र्यांमधल्या फटी पेशींनी भरून आलेल्या असतात आणि तंतू गुळगुळीत दांड्यांसारखे दिसतात. हा मासा झपाट्याने वाढतो, पहिल्याच वर्षात तो दहा किलोच्या आसपास जाऊ शकतो. त्यामुळे पाण्यावर जगणारा जीव हवेवर जगणारा जीव बनण्याचा हा सारा खेळ काही महिन्यांत उरकतो.

तरीही मोठ्या माशाचे कल्ले पूर्ण नाहीसे होत नाहीत, आणि त्यामागे कार्बन डायऑक्साइड आहे. हा वायू पाण्यात ऑक्सिजनपेक्षा पंचवीसहून अधिक पटींनी सहज विरघळतो. म्हणून हवेतून ऑक्सिजन घेणारे मासेही कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाण्यातच सोडतात. अमोनिया बाहेर टाकणे आणि क्षारांचा समतोल राखणे हीदेखील कल्ल्यांची कामे आहेत. आरापाइमाच्या कल्ल्यांतल्या फटी भरून काढणाऱ्या पेशींत क्षारांची ने-आण करणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात, हे म्हणूनच अर्थपूर्ण आहे.

वजनाचा परिणाम दोन श्वासांमधल्या अंतरावरही होतो. हवा साठवणाऱ्या पोकळीचे आकारमान साधारण वजनाच्या प्रमाणात वाढते असे धरू. वजन शंभर पट झाले, तर एका घोटात मावणारी हवाही शंभर पट होईल, पण गरज चाळीस पटच होईल. म्हणजे तोच एक घोट अडीच पट वेळ पुरेल. हा कागदावरचा हिशेब आहे. लहान मासा कल्ल्यांवर अधिक विसंबत असल्याने आणि मोठा हवेवर अधिक विसंबत असल्याने प्रत्यक्षातली तफावत कमीजास्त होते. त्यात वर येण्याचा खर्च वेगळाच. एक मीटर खोली दोन सेंटिमीटरच्या पिलासाठी स्वतःच्या लांबीच्या पन्नास पट असते, तर अर्ध्या मीटरच्या मरळीसाठी ती केवळ दुप्पट असते. पृष्ठभागावर बगळा आणि खंड्या टपलेले असतात, आणि पिलू त्यांच्या चोचीत सहज मावते. पिले एकाच वेळी, थव्याने वर येऊन हवा घेतात, त्यामागे हा धोका वाटून घेण्याचा लाभ असावा. मोठ्या माशाला पक्ष्यांचे भय कमी, पण माणसाचे अधिक. ब्राझीलच्या मामिराउआ संरक्षित क्षेत्रातले मच्छीमार श्वासासाठी वर येणारे आरापाइमा पाहून आणि त्यांचा आवाज ऐकून वीस वीस मिनिटांच्या टप्प्यांत त्यांची मोजदाद करतात, आणि त्या आकड्यांवर पुढे किती मासे पकडायचे हे ठरते. ही मोजणी एक मीटरहून लांब माशांचीच होते.

आपल्याकडे मरळ, मागूर किंवा शिंगी पाळणाऱ्यांसाठी या साऱ्याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. ‘या माशांना पाण्यात ऑक्सिजन लागत नाही’ हे वाक्य मोठ्या माशांपुरते बऱ्याच अंशी खरे आहे, पण मत्स्यजिऱ्यांना, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिलांना, ते लावले तर पिले मरतात. हवेचे इंद्रिय तयार होईपर्यंत जिऱ्यांना स्वच्छ, ऑक्सिजन असलेलेच पाणी लागते, त्यामुळे संगोपनाच्या टाकीत सुरुवातीला पाणी खेळते ठेवावे लागते. हवा घेऊ लागलेल्या पिलांना उथळ पाणी सोयीचे पडते, कारण वर जाण्याचा फेरा लहान होतो. पिले बोटभर लांबीची, म्हणजे बोटुकली, झाल्यावर पृष्ठभाग मोकळा असणे महत्त्वाचे ठरते. आणि विक्रीच्या वजनाची मरळ बाजारात न्यायची, तेव्हा पिंपात पाणी थोडे आणि वर हवा भरपूर ठेवावी. काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेल्या पिंपात ती बुडून मरते.